वजनातून मोल, मोलातून वजन: रसायनशास्त्राची गणिते पायरीपायरीने

दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवून अकरावीला आलेली कितीतरी मुले रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्यात अडखळतात. समीकरणे त्यांना येतात, संयुजा येतात, पण "इतक्या ग्रॅमपासून किती ग्रॅम मिळेल" असे विचारले की हात थांबतो. याचे कारण मला एकच दिसते. मुले सूत्रे पाठ करतात: मोलॅरिटीचे एक, विरलनाचे एक, टायट्रेशनचे (एका द्रावणाने दुसरे मोजून तपासण्याचे) एक, पाण्याच्या कठीणपणाचे आणखी एक. परीक्षेत प्रश्न जरा वळवून आला की कोणते सूत्र लावायचे तेच कळत नाही.

यातले एकही सूत्र पाठ नसले तरी चालते. वाट एकच आहे आणि ती तीन टप्प्यांची आहे. दिलेल्या पदार्थाचे मोल काढा. संतुलित समीकरणातल्या गुणोत्तराने हव्या असलेल्या पदार्थाचे मोल काढा. मग त्या मोलांचे ग्रॅम, लिटर किंवा रेणू, जे विचारले असेल ते करा. पुढची सगळी उदाहरणे या एकाच वाटेने सोडवली आहेत आणि ती मुद्दाम आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातली घेतली आहेत. समीकरणे इथे पदार्थांच्या नावांनी लिहिली आहेत. वहीत ती चिन्हांनी लिहून घ्या, म्हणजे तोही सराव होईल.

सोबत अणुवस्तुमाने ठेवा: हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजन १६, सोडिअम २३, ॲल्युमिनिअम २७, क्लोरिन ३५.५, कॅल्शिअम ४०, लोह ५६, चांदी १०८. नायट्रोजन १४.

मोल नीट समजून घ्या

लक्ष्मीपुरीतला धान्याचा व्यापारी ज्वारीचे दाणे मोजत बसत नाही, तो पोते काट्यावर टाकतो. अणू-रेणूंचेही तसेच करावे लागते. ते मोजता येत नाहीत, पण वजन करता येते. वजनावरून संख्या कळावी म्हणून मोल हे एकक आले. एका मोलात ६.०२२ × १० चा २३वा घात इतके कण असतात. हाच अव्होगॅड्रो अंक.

जुन्या गाईडमध्ये मोलची व्याख्या "१२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण" अशी दिलेली असते. २० मे २०१९ पासून ती बदलली. आता अव्होगॅड्रो अंकच ६.०२२१४०७६ × १० चा २३वा घात असा नेमका ठरवून दिला आहे. आपल्या आकडेमोडीत यामुळे काही फरक पडत नाही, पण व्याख्या विचारली तर नवी लिहावी.

पदार्थाचे रेणुवस्तुमान ग्रॅममध्ये घेतले की ते त्याच्या एका मोलाचे वजन होते, म्हणजेच मोलर वस्तुमान. साखरेचे बघू. सुक्रोजच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात.

कार्बन: १२ × १२ = १४४
हायड्रोजन: २२ × १ = २२
ऑक्सिजन: ११ × १६ = १७६
एकूण: ३४२ ग्रॅम प्रति मोल

चहात आपण साधारण ५ ग्रॅम साखर टाकतो. ५ ग्रॅमला ३४२ ग्रॅम प्रति मोलने भागले की ०.०१४६ मोल येतात. त्याला अव्होगॅड्रो अंकाने गुणले की सुमारे ८.८ × १० चा २१वा घात इतके रेणू. एका चमच्यात!

दोन ठिकाणी सांभाळा. "एक मोल ऑक्सिजन" असे म्हटले की अणू की रेणू, ते आधी ठरवा. अणूंचा मोल १६ ग्रॅमचा, रेणूंचा ३२ ग्रॅमचा. आणि स्फटिकातले पाणी विसरू नका. ऑक्झॅलिक आम्लाचे रेणुवस्तुमान ९० आहे, पण बाटलीतल्या स्फटिकांत प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असतात. त्यामुळे वजन करताना १२६ धरावे लागते. ९० धरले तर पुढचे सगळे टायट्रेशन चुकते.

आणखी एक सवय आजपासूनच लावा: प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा आणि कोणत्या पदार्थाचे तेही लिहा. नुसते "०.०२" लिहू नका, "०.०२ मोल सोडिअम हायड्रॉक्साइड" लिहा. गुणायचे की भागायचे हा प्रश्न एकके लिहिल्यावर आपोआप सुटतो. उत्तरात जे एकक हवे ते उरले नाही, तर कुठेतरी उलटे झाले आहे.

टक्केवारीवरून सूत्र

एखाद्या संयुगात कोणते मूलद्रव्य किती टक्के आहे ते दिलेले असते आणि सूत्र काढायचे असते. टक्के म्हणजे १०० ग्रॅममधले ग्रॅम, असे धरा. ग्रॅमचे मोल करा. सर्वांत लहान संख्येने सगळ्यांना भागा.

समजा, एका शर्करेत कार्बन ४० टक्के, हायड्रोजन ६.६७ टक्के आणि ऑक्सिजन ५३.३३ टक्के आहे. मोल अनुक्रमे ३.३३, ६.६७ आणि ३.३३ आले. गुणोत्तर १ : २ : १. या साध्या सूत्राचे वस्तुमान ३०. मोलर वस्तुमान १८० दिले असेल तर १८० ÷ ३० = ६. म्हणजे कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ६. हे ग्लुकोजचे सूत्र आहे. फ्रुक्टोजचेही तेच आहे. सूत्र सारखे असले तरी रचना वेगळी असू शकते. ती टक्केवारीवरून कळत नाही.

गुणोत्तर पूर्णांकात आले नाही की मुले घाईने आकडा जवळच्या पूर्णांकावर नेतात. शिरोलीच्या फौंड्रीत रोज हाताळले जाते त्या लोखंडाचे एक काळे ऑक्साइड घेऊ: लोह ७२.४ टक्के, ऑक्सिजन २७.६ टक्के. लोहाचे मोल ७२.४ ÷ ५६ = १.२९३. ऑक्सिजनचे २७.६ ÷ १६ = १.७२५. भागाकार १ : १.३३. इथे १.३३ चा १ करून टाकला तर वेगळेच संयुग तयार होते. १.३३ म्हणजे चार तृतीयांश. दोन्ही बाजूंना ३ ने गुणा, ३ : ४ मिळेल. हेच मॅग्नेटाइट. शेवटी ०.५ आला तर २ ने, ०.३३ किंवा ०.६७ आला तर ३ ने, ०.२५ किंवा ०.७५ आला तर ४ ने गुणायचे.

समीकरण संतुलित केल्याशिवाय पुढे जाऊ नका

अभिक्रियेत वस्तुमान नाहीसे होत नाही, नवे निर्माणही होत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे हवेत. इंधनाच्या ज्वलनात आधी कार्बन जुळवा, मग हायड्रोजन, ऑक्सिजन सर्वांत शेवटी. ऑक्सिजन एकटा आहे, त्याचा गुणक बदलल्याने दुसरे काही बिघडत नाही.

घरच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. सोपे व्हावे म्हणून सगळा ब्युटेनच धरू. त्यात कार्बन ४, हायड्रोजन १०. म्हणून ४ कार्बन डायऑक्साइड आणि ५ पाणी. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू ८ + ५ = १३. म्हणजे डावीकडे साडेसहा रेणू. सगळ्याला २ ने गुणले:

२ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

गुणक फक्त रेणूच्या पुढे बदलतो. रेणूच्या आतले आकडे कधीही बदलायचे नाहीत. ते बदलले तर पदार्थच बदलला.

आता तीन टप्पे वापरा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. ब्युटेनचे मोलर वस्तुमान ५८. मोल = १४२०० ÷ ५८ = २४४.८. एका मोलापासून ४ मोल कार्बन डायऑक्साइड, म्हणून ९७९ मोल. ४४ ने गुणले की सुमारे ४३ किलो. जळलेल्या गॅसच्या तिप्पट वजन आले म्हणून दचकू नका. समीकरणात १३ ऑक्सिजन आहेत. ते हवेतून येतात आणि त्यांचे वजन सुमारे ५१ किलो भरते. दोन्ही बाजूंची बेरीज करून पाहा, प्रत्येकी ६५ किलोच्या आसपास येईल. अशी पडताळणी प्रत्येक गणितात करता येते आणि ती करावी.

चुना आणि शुद्धता

गुऱ्हाळात काहिलीतल्या रसात चुना का घालतात, हे ज्यांच्या घरी गूळ होतो त्यांना माहीत असते. उसाचा रस किंचित आम्ल असतो. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सुक्रोज फुटून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागते आणि गूळ नीट घट्ट होत नाही. चुना ते आम्ल उदासीन करतो आणि गाळ खाली बसायला मदत करतो. भेंडीच्या चिकट रसानेही मळ वर येतो, पण ते काम वेगळे.

हा चुना चुनखडीपासून होतो:

कॅल्शिअम कार्बोनेट → कॅल्शिअम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड
कॅल्शिअम ऑक्साइड + पाणी → कॅल्शिअम हायड्रॉक्साइड

कॅल्शिअम ऑक्साइड म्हणजे चुनकळी आणि कॅल्शिअम हायड्रॉक्साइड म्हणजे विरलेला चुना. मोलर वस्तुमाने अनुक्रमे १००, ५६, ४४ आणि विरलेल्या चुन्याचे ७४. प्रश्न असा: ९० टक्के शुद्ध चुनखडी १ किलो भाजली आणि ती चुनकळी पाण्यात विरवली, तर विरलेला चुना किती? शुद्धतेचा हिशोब सगळ्यात आधी. १००० ग्रॅमपैकी खरे कॅल्शिअम कार्बोनेट ९०० ग्रॅम, म्हणजे ९ मोल. गुणोत्तर सगळीकडे एकास एक. म्हणून चुनकळी ९ × ५६ = ५०४ ग्रॅम आणि विरलेला चुना ९ × ७४ = ६६६ ग्रॅम. विरवताना खूप उष्णता निघते. घरी हा प्रयोग करून पाहू नका.

उतारा: कागदावरचे आणि प्रत्यक्षातले

साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून इथेनॉल होते. यीस्टच्या साहाय्याने:

सुक्रोज + पाणी → ४ इथेनॉल + ४ कार्बन डायऑक्साइड

डावीकडे ३४२ + १८ = ३६०. उजवीकडे १८४ + १७६ = ३६०. जुळले. १००० किलो सुक्रोज घेतले तर १००० ÷ ३४२ = २.९२४ किलोमोल. चारपट इथेनॉल ११.६९६ किलोमोल. ४६ ने गुणून ५३८ किलो. इथेनॉलची घनता ०.७८९ किलो प्रति लिटर, म्हणून सुमारे ६८२ लिटर.

हे सैद्धांतिक उत्पादन. प्रत्यक्षात इतके मिळत नाही, कारण यीस्ट काही साखर स्वतःच्या वाढीसाठी वापरते आणि इतर पदार्थही थोडे तयार होतात. समजा ६०० लिटर मिळाले, तर ६०० ÷ ६८२ × १०० = ८८ टक्के उत्पादन. इथे एक फरक ध्यानात ठेवा. घरी कारखान्याचा "बारा टक्के उतारा" ऐकता तो उसाच्या एकूण वजनावर काढलेला असतो. रसायनशास्त्रातली टक्केवारी समीकरणाने सांगितलेल्या कमाल उत्पादनावर काढतात. दोन्हींचा पाया वेगळा आहे.

आधी संपणारा पदार्थ

दोन पदार्थांची वजने दिली असतील तर कोणता आधी संपतो ते पाहावे लागते. तोच लिमिटिंग रिएजंट. इथे वजने एकमेकांशी ताडून पाहायची नाहीत, मोल ताडायचे.

हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून चांदीचेच उदाहरण:

सिल्व्हर नायट्रेट + सोडिअम क्लोराइड → सिल्व्हर क्लोराइड + सोडिअम नायट्रेट

३.४ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट आणि १.७५५ ग्रॅम मीठ एकत्र केले. वजनावरून मीठ कमी वाटते. पण ३.४ ÷ १७० = ०.०२ मोल आणि १.७५५ ÷ ५८.५ = ०.०३ मोल. गुणोत्तर एकास एक, म्हणजे सिल्व्हर नायट्रेट आधी संपते. सिल्व्हर क्लोराइड ०.०२ × १४३.५ = २.८७ ग्रॅम. मीठ ०.०१ मोल, म्हणजे ०.५८५ ग्रॅम उरते. समीकरणातले गुणक वेगवेगळे असतील तर प्रत्येकाचे मोल त्याच्या गुणकाने भागा. ज्याचा भागाकार लहान तो आधी संपतो.

हीच अभिक्रिया चांदीची शुद्धता काढायलाही वापरता येते. तांबे मिसळलेली २ ग्रॅम चांदी नायट्रिक आम्लात विरघळवली आणि मिठाचे द्रावण जास्त प्रमाणात घातले. चांदी पांढऱ्या अवक्षेपाच्या रूपात बाहेर पडते, तांबे द्रावणातच राहते. अवक्षेप गाळून, धुऊन, वाळवून वजन २.४० ग्रॅम भरले. २.४० ÷ १४३.५ = ०.०१६७२ मोल. तितकेच मोल चांदीचे, म्हणून १.८०६ ग्रॅम. शुद्धता ९०.३ टक्के. उजेडात सिल्व्हर क्लोराइड काळवंडते, म्हणून अवक्षेप उघड्यावर ठेवू नये.

द्रावण आणि टायट्रेशन

मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणात द्राव्याचे किती मोल. लिटर द्रावणाचा, पाण्याचा नव्हे. म्हणूनच फ्लास्कमध्ये आधी पदार्थ विरघळवतात आणि मग खुणेपर्यंत पाणी भरतात.

२५० मिलिलिटर ०.१ मोलर ऑक्झॅलिक आम्ल तयार करायचे आहे. ०.१ × ०.२५ = ०.०२५ मोल. × १२६ = ३.१५ ग्रॅम. स्फटिक लहान बीकरमध्ये थोड्या पाण्यात विरघळवा, फनेलने २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ओता, बीकर आणि फनेल दोन-तीनदा थोड्या पाण्याने धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच घ्या. शेवटचे थेंब ड्रॉपरने, डोळा खुणेच्या पातळीत ठेवून. बूच लावून उलटसुलट हलवा.

सोडिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण मात्र वजनावरून नेमके करता येत नाही. ते हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, तराजूवर ठेवल्या ठेवल्या ओले होते. म्हणून ते अंदाजे करून ऑक्झॅलिक आम्लाने तपासतात.

ब्युरेट सोडिअम हायड्रॉक्साइडने धुवा, पिपेट ऑक्झॅलिक आम्लाने धुवा, कोनिकल फ्लास्क मात्र फक्त पाण्याने. असे का, हे मोलच सांगतात. ब्युरेटमध्ये पाणी राहिले तर द्रावण पातळ होते आणि प्रत्येक मिलिलिटरमधले मोल घटतात. कोनिकलमध्ये आम्लाचे मोल पिपेटने आधीच मोजून टाकलेले असतात. पाणी कितीही असले तरी ते बदलत नाहीत. उलट तो आम्लाने धुतला तर न मोजलेले मोल आत राहतात.

१० मिलिलिटर आम्ल, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक). ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत फ्लास्क फिरवत राहा. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. गडद गुलाबी झाला तर पुढे गेलात. समजा १९.६ मिलिलिटर लागले.

ऑक्झॅलिक आम्ल + २ सोडिअम हायड्रॉक्साइड → सोडिअम ऑक्झॅलेट + २ पाणी

आम्लाचे मोल ०.१ × ०.०१० = ०.००१. सोडिअम हायड्रॉक्साइडचे दुप्पट, ०.००२. मोलॅरिटी ०.००२ ÷ ०.०१९६ = ०.१०२. दोन्ही बाजूंच्या मोलॅरिटी आणि घनफळाचा गुणाकार सारखा मांडणारे पाठ केलेले सूत्र इथे लावले तर ०.०५१ येते, नेमके निम्मे. त्या सूत्रात दोनास एक हे गुणोत्तरच नसते.

विरलन करताना मोल बदलत नाहीत, घनफळ बदलते. ३७ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची घनता १.१८ ग्रॅम प्रति मिलिलिटर असते. एका लिटरचे वजन ११८० ग्रॅम, त्यात शुद्ध आम्ल ४३६.६ ग्रॅम, ÷ ३६.५ = सुमारे १२ मोलर. ५०० मिलिलिटर ०.१ मोलर हवे असेल तर ०.०५ मोल लागतात, म्हणजे सुमारे ४.२ मिलिलिटर. आम्ल पाण्यात हळूहळू घालायचे, पाणी आम्लात कधीच नाही. आणि हे काम शिक्षक समोर असतानाच.

वायू: कोल्हापुरात २२.४ लिटर नसतात

एक मोल वायूचे २२.४ लिटर हे शून्य अंश सेल्सिअसला आणि एक ॲटमॉस्फिअर दाबाला खरे. एक बार दाब धरला तर २२.७ लिटर. प्रश्नात कोणता दाब दिला आहे ते आधी वाचा. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. इथला दाब सुमारे ०.९४ ॲटमॉस्फिअर. तापमान २७ अंश, म्हणजे ३०० केल्विन घेतले तर २२.४ × ३०० ÷ २७३ ÷ ०.९४ = सुमारे २६ लिटर. वरच्या चुनखडीतून सुटलेले ९ मोल कार्बन डायऑक्साइड थंड झाल्यावर इथे सुमारे २३६ लिटर जागा व्यापेल. पुस्तकी २२.४ ने २०१.६ येते.

बोअरच्या पाण्याचा कठीणपणा

बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर चढतो, डाळ शिजायला वेळ लागतो. हा कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचा परिणाम. कठीणपणा कॅल्शिअम कार्बोनेटच्या रूपात मिलिग्रॅम प्रति लिटर असा सांगतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो २०० पर्यंत असावा असे आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

५० मिलिलिटर पाणी घ्या, अमोनिया बफरने पीएच १० करा, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाका आणि ०.०१ मोलर ईडीटीए (कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमला बांधून घेणारे संयुग) सोडा. द्राक्षारसासारखा लाल रंग जाऊन निळा झाला की थांबा. १४ मिलिलिटर लागले असे धरू. ईडीटीएचे मोल ०.०१ × ०.०१४ = ०.०००१४. गुणोत्तर एकास एक. कॅल्शिअम कार्बोनेटच्या मोलर वस्तुमानाने, म्हणजे १०० ने गुणून ०.०१४ ग्रॅम, म्हणजे १४ मिलिग्रॅम. हे ५० मिलिलिटरमध्ये, म्हणून लिटरला २८०. तेच तीन टप्पे, नवे सूत्र नाही.

सरावासाठी

राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरांत बॉक्साइट आहे. एका खनिजात ॲल्युमिनिअम ऑक्साइड ५० टक्के आहे असे धरा. १००० किलो खनिजात ॲल्युमिनिअम किती? (सुमारे २६५ किलो.)

१८० ग्रॅम पाण्यात एकूण अणू किती मोल? (३० मोल.)

८.५ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट आणि २.३४ ग्रॅम मीठ एकत्र केले तर आधी काय संपेल आणि अवक्षेप किती पडेल? (मीठ, ५.७४ ग्रॅम.)

५० मिलिलिटर पाण्याला ०.०१ मोलर ईडीटीए ९ मिलिलिटर लागले, तर कठीणपणा किती? (लिटरला १८० मिलिग्रॅम.)